ओळख देणाऱ्याचा रकाना

४ एप्रिल २०१७

ही डायरी केळीच्या रोपांच्या दुकानदारानं नववर्षाला दिली होती. दर पानावर केळीचा घड, खाली एक सुविचार. तीन महिने तिच्यावर चहाचा कप ठेवत होतो. आजपासून लिहायला घेतो. आज माझ्या नोकरीत पहिल्यांदा काहीतरी घडलं आहे, आणि ते समजण्याइतकी अक्कल या कचेरीत दुसऱ्या कुणाला नाही.

भोपाळहून पत्र आलं. हे म्हणे ‘एकीकरण वर्ष’. सरकारी खात्यांनी आजवर जी जी सॉफ्टवेअरं बनवली ती सगळी एका जागी ठेवायची. त्या जागेचं नाव ‘साझा कोष’. एका जिल्ह्यानं बनवलेलं दुसऱ्यानं फुकट न्यायचं, हवं तसं बदलायचं. कोड सगळ्यांना उघडा. बुऱ्हाणपूरच्या कक्षाचा प्रमुख मी. पंधरा ऑगस्टच्या आत जिल्ह्यानं स्वतःचं निदान एक सॉफ्टवेअर कोषात जमा करायचं, आणि उत्तम जिल्ह्याला राज्याचा पुरस्कार.

सोबत परवान्याचा कागद आहे. कुणीही घ्या, वापरा, बदला. फक्त तिसऱ्या ओळीत ठळक अक्षरांत लिहिलंय, मूळ निर्मात्याचं नाव कधीही काढता येणार नाही. ही अट ज्यानं लिहिली त्याचं नाव कुठंतरी राहून गेलेलं असणार.

सुमनला सांगितलं. ती कन्याशाळेत गणित शिकवते, त्यामुळं आनंद झाला तरी आधी शंका काढते. म्हणाली, “पण तुम्हांला कुठं येतं सॉफ्टवेअर बनवता?” म्हटलं, “वाजंत्री वेगळे आणि नवरदेव वेगळा.”

२१ एप्रिल

सतरा खाती पालथी घातली. एका ठिकाणी कॉम्प्युटरवर क्रोशाचं झाकण, झाकणावर गणपती. गणपती हलवायला कुणी धजावेना, म्हणून मशीन दोन वर्षं सुरू नाही. दुसरीकडं विचारलं, “तुम्ही बनवलेलं काही आहे का?” तर तिथल्या बाईंनी लिंबाचं लोणचं पुढं केलं. कोषात ठेवण्यासारखं तेवढंच होतं.

शेवटी आज खकनारच्या तहसिलीत सापडलं. चुडामण म्हणून एक कंत्राटी ऑपरेटर आहे. सात वर्षं तिथं बसतो. राशनच्या याद्यांचं सॉफ्टवेअर त्यानं एकट्यानं बनवलंय, कुणी सांगितलं नसताना. कोणाचं राशन गेलं, कोणाचं राहिलं, कोण वारलं, सगळं एका पडद्यावर. मी कोडमधलं फारसं जाणत नाही, पण पाहून हेवा वाटला. हे इथंच लिहितो, बाहेर कबूल करणार नाही.

दिसायला अगदी बापुडवाणा. शर्टाचं वरचं बटण लावलेलं. मी खुर्चीत बसलो तर हा उभा. म्हटलं, “बस.” तर म्हणाला, “नही साहेब, चालते.”

२ मे

चुडामण पेनड्राइव्ह घेऊन आला. रुमालात बांधलेला, जसा काही देवाचा टाक.

सगळं समजावलं. एक रकाना मला खटकला, ‘ओळख देणारा’. विचारलं, हे काय? तर मोठी कथा निघाली. राशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आहे. देडतलाईकडची म्हातारी माणसं जन्मभर केळीच्या बागेत राबलेली. केळीच्या चिकानं बोटं काळी, पानं कापून कापून रेघा झिजलेल्या, मशीन त्यांना ओळखत नाही. मग गावची जुनी रीत अशी की बाजाराच्या दिवशी कोटवार, म्हणजे गावचा चौकीदार, दुकानासमोर उभा राहतो आणि सांगतो, “हो, ही अमक्याची बायको, मी ओळखतो.” दुकानदार मोजून देतो. ती रीत यानं सॉफ्टवेअरात घातली. अंगठा लागला नाही तर कोटवाराचं नाव टाकायचं, राशन चालू. अंगठाही नाही आणि ओळखही नाही असे तीन महिने गेले, तरच नोंद ‘मयत’.

“हे कुठून सुचलं?”

“मायचे हात पाहून, साहेब.”

निघताना दारात घुटमळला. “साहेब, एक अर्ज होता. परवान्यात लिहेल आहे ना, बनवणाऱ्याचं नाव राहते म्हणून. माझं कंत्राट दर साली तुटते अन् जुळते. नाव राहिलं तर कुठंबी काम मागाले दाखवता येईन. बस्, एवढंच.”

म्हटलं, “पाहू.” माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं कारकुनी करून मला हा एकच शब्द ठेवला आहे.

३० मे

भोपाळला कोष पाहणाऱ्या मॅडमनी फोनवर सॉफ्टवेअर तपासलं. खूश आहेत. फक्त एक शेरा. “ये कोटवार वाला कॉलम हटाइए, ये तो लोकल चीज़ है. बाकी ज़िले कैसे लेंगे?”

चुडामणला सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला. “दुसऱ्या जिल्ह्यानं त्यांच्या प्रतीतून काढावा साहेब. आपल्याकडं राहू द्या ना.” मी म्हटलं, एकीकरण म्हणजे सगळीकडं एकच. आपणच वेगळं ठेवलं तर एकीकरण कसलं? तो म्हणाला, “मी नही काढणार साहेब.” पहिल्यांदाच मान वर करून बोलला. मला राग आला. सात वर्षं उभा राहिलेला माणूस एकदम माझ्यासमोर ताठ होतो म्हणजे काय!

मग मीच काढला. कोषाची पुस्तिका वाचून वाचून, तासाभरात. मधे एकदा वाटलं, त्या काळ्या बोटांच्या लोकांचं काय होईल ते कुणाला तरी विचारावं. पण जेवणाची सुटी झाली होती.

एक गंमत कळली. कोषात कुणी काय बदललं, कुठल्या तारखेला, ते बदलणाऱ्याच्या नावासकट आपोआप नोंदलं जातं. ‘इतिहास’ म्हणतात त्याला. तर आमचंही नाव इतिहासात गेलं.

१५ ऑगस्ट

पुरस्कार! प्रभारी मंत्र्यांच्या हस्ते. शाल, नारळ आणि चौकटीतलं मानपत्र. मागं मोठ्या पडद्यावर कोषातलं आमचं पान: ‘निर्माता: जिल्हा साझा कोष कक्ष, बुऱ्हाणपूर. संकल्पना व मार्गदर्शन:’ आणि पुढं माझं नाव. फोटोत डोळे मिटलेले आलेत, पण शाल छान आली आहे.

चुडामण शेवटच्या रांगेत होता. पडद्यावर पान आलं तेव्हा उठून उभा राहिला. मागच्यांनी ओरडून खाली बसवलं. नंतर दराब्याचा, म्हणजे इथल्या रव्याच्या मिठाईचा, डबा घेऊन भेटायला आला. बायकोसाठी म्हणून घेतला असणार, पण मला दिला.

“साहेब, नाव दिसलं नही.”

“अरे, कक्ष म्हणजे आपण सगळेच. तूही त्यात आलास.”

“हो साहेब.”

“पुढच्या आवृत्तीत पाहू.”

सुमन समारंभाला होती. घरी येताना इतवारा बाजारात मावा जिलेबी घेतली. जिलेबी बांधून झाल्यावर म्हणाली, “आयत्या बिळावर नागोबा.” जिलेबी तिनंही खाल्ली.

१८ सप्टेंबर

चुडामण आठवड्यातून दोनदा येऊ लागलाय. अंगठे लागत नाहीत, लोक दुकानातून परत जातात, रकाना परत घाला. याचं मूळ दुखणं नावाचं आहे, हे मी ओळखून आहे. नाव मिळालं नाही म्हणून आता सॉफ्टवेअरात खोड काढतो. म्हटलं, “लेखी दे.” त्यानं लेखी दिलं. ते मी कौतिककडं दिलं. कौतिक आमचा शिपाई, कागद ठेवण्यात फार हुशार. त्यानं ठेवलेला कागद पुन्हा कुणाला सापडलेला नाही.

३० सप्टेंबर

भोपाळनं विचारलं होतं, कोषामुळं जिल्ह्यात किती पदांची बचत झाली? शून्य कसं लिहिणार? एक लिहिलं. सॉफ्टवेअर आता कोष सांभाळतो, मग खकनारला माणूस कशाला? आदेशावर आज सही केली: ‘चुडामण कडू महाजन, राहणार देडतलाई, कंत्राटी ऑपरेटर, सेवा समाप्त.’

वाईट वाटलं. अगदी खरं लिहितो, दुपारपर्यंत वाटत होतं.

आदेश घ्यायला आला तेव्हा भांडेल असं वाटलं होतं. भांडला नाही. म्हणाला, “आता तरी नाव टाका साहेब. इंदूरला एका कंपनीत विचारलंय. ते म्हणतात, काय बनवलं ते दाखव. दाखवायला माझ्यापाशी काहीच नही.”

मी म्हटलं, नोकरीत नसलेल्याचं नाव शासकीय पानावर कसं टाकणार? नोकरीत होता तेव्हा कक्षाचं नाव होतं, आता नोकरीच नाही. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की यातून त्याला कुठूनच वाट नाही. स्वतःच्या बुद्धीचं कौतुक वाटलं.

त्याचा लॉगिन संध्याकाळच्या आत बंद करवला.

२० नोव्हेंबर

आज एक म्हातारी आली होती. देडतलाईहून, दोन गाड्या बदलून. हातात कुणाकडून तरी लिहून घेतलेला अर्ज: ‘सरुबाई कडू महाजन. मी जिवंत आहे तरी मला राशन मिळावे.’ डोक्यावर टोपलीत अर्धा घड केळी.

म्हणाली, “तीन महिने राशन नही भाऊ. आता दुकानवाला म्हणते, तू तं मेली. मी जित्ती हाये ना? पाहा ना मले.”

पाहिलं. मशीनवर अंगठा लावून घेतला, पाच वेळा. लागला नाही. बोटं कोळशासारखी. हाताच्या काकणाला आरसा कशाला, असं लोक म्हणतात. पण कचेरीत काकणालाही आरसा लागतो आणि आरशाला दाखला लागतो. तिला समजावलं, “आजी, जिवंत असल्याचा दाखला आणा.”

“तो कुठी भेटते?”

“तहसिलीत.”

“तिथी गेली व्हती. तेबी अंगठा मांगतेत.”

कौतिक खो खो हसला. मलाही आवरलं नाही. म्हातारीही थोडी हसली, आम्ही का हसतोय ते न कळून.

मग म्हणे, “माझा पोऱ्या हेच काम करे. त्यानंच बनवलं हे, अंगठ्याचं. त्याले माहीत हाये माझे हात.” आता खेड्यात कुणाचाही पोरगा मोबाइल चालवू लागला की आई म्हणते, यानंच बनवला. विचारलं, कुठं आहे पोरगा? तर इंदूरला काम धुंडायला गेला. “त्याले सांगत नही मी. उगा जीवाले घोर लागते त्याच्या. राशन नही तं मी परत पानं कापाले जाते बागेत. पण आता उन्हात डोळ्यापुढी अंधारी येते, भाऊ.”

म्हटलं, अर्ज ठेवून जा. तो कौतिककडं दिला. ती केळीही ठेवून गेली. नको म्हणत होतो, ऐकेना. केळी चांगली गोड निघाली.

१६ डिसेंबर

गहजब. वर्तमानपत्रात बातमी, ‘चारशे बारा जिवंत माणसं सरकारी यादीत मयत’. सगळी खकनार तालुक्यातली. पाठोपाठ दुसऱ्या जिल्ह्यांतून फोन. एकोणीस जिल्ह्यांनी आमचं सॉफ्टवेअर उचललं होतं, परवापर्यंत मी हा आकडा अभिमानानं सांगत होतो. भोपाळहून पत्र, दहा जानेवारीला चौकशी, दोष कुणाचा ते नक्की करा.

इतिहासात माझं नाव आहे. तारखेसकट.

जेवण गेलं नाही. सुमनला सगळं सांगितलं. म्हणाली, “तो रकाना ज्यानं घातला होता त्याला बोलवा. आणि काढला मी, असं सांगून टाका.” पहिलं पटलं.

३ जानेवारी २०१८

चुडामण आला. मला वाटलं होतं येणार नाही. डोक्यावर नुकते उगवलेले केस. घरात कुणीतरी गेलं असावं, विचारायचं राहून गेलं. माझ्याच खुर्चीत बसवला त्याला. या वेळी बसला.

दीड तासात रकाना परत. त्याच्या पेनड्राइव्हवर जुनी प्रत होती, तिच्यातून उचलला. बोटं कशी चालत होती! मी चहा मागवला, तो तसाच गार झाला.

“बाकीच्यांचं तं चालू होऊ दे,” एवढंच म्हणाला.

“ही जुनी प्रत आणखी कुठं आहे?”

“एकच हाये साहेब.”

“ठेवून जा. कोषात जपून ठेवतो.”

रुमाल खिशात घालून पेनड्राइव्ह दिला. त्यानं या वेळी नाव मागितलं नाही. मीच म्हटलं, “चुडामण, आज तुझं नाव टाकतो.” तो नुसता माझ्याकडं पाहत राहिला. माणसाला आनंद पचवायला वेळ लागतो.

५ जानेवारी

पुस्तिकेत वाट सापडली. जुनं पान काढून टाकायचं आणि तेच सॉफ्टवेअर नवं म्हणून ठेवायचं. मग इतिहास आजपासून सुरू होतो, मागचं कोरं. तसं केलं. नव्या पानावर लिहिलं: ‘निर्माता: चुडामण कडू महाजन. मूळ आवृत्तीतील गंभीर दोष जिल्हा कक्षाने दूर केले.’

शब्द दिला होता, पाळला. पेनड्राइव्ह कौतिककडं ठेवायला दिला.

८ जानेवारी

घरोघरी फिरून केलेल्या पडताळणीचा अहवाल आला. चारशे बारा ‘मयतां’पैकी चारशे अकरा जिवंत. एकच नोंद बरोबर निघाली: सरुबाई कडू महाजन, देडतलाई, नऊ डिसेंबरला केळीच्या बागेत पानं कापताना चक्कर येऊन वारली. ही बहुधा तीच केळीवाली. नाव मधेच कुठंतरी पुन्हा लिहिल्यासारखं वाटलं, पण तिकडं कडू आणि महाजन पैशाला पासरी.

म्हणजे सॉफ्टवेअर अगदीच चुकीचं नव्हतं. चौकशीत हा मुद्दा घेता येईल.

१० जानेवारी

चौकशी झाली. मॅडम स्वतः आल्या होत्या. पडद्यावर पान उघडून चुडामणला विचारलं, “ये आपने बनाया?”

त्यानं नाव वाचलं. बराच वेळ वाचत होता. मग म्हणाला, “हो. मीच बनवलं.”

“और ये कॉलम?”

“मी घातला होता. काढला कुणी ते इतिहासात राहते मॅडम, पाहून घ्या.”

पाहिला. इतिहास पाच जानेवारीपासून सुरू. मॅडमनी विचारलं, जुनी प्रत आहे का? त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी कौतिककडं पाहिलं, कौतिक म्हणाला, “शोधावं लागेल, साहेब.” मॅडमही रकान्याबद्दल पुढं काही बोलल्या नाहीत. मे महिन्यातला फोन त्यांनाही आठवत असणार.

मला वाटलं, आता हा ओरडेल. नाही ओरडला. सही कुठं करायची ते विचारलं. काळ्या यादीत गेला, आता कुठल्याही सरकारी कामावर घेणार नाहीत. सुटलो एकदाचा! घरी आल्यावर सुमननं विचारलं, “सांगितलंत?” म्हटलं, “सांगायची वेळच आली नाही.” ती वह्या तपासायला उठून गेली. तेव्हापासून कामापुरतं बोलते.

१९ जानेवारी

आज चुडामण पुन्हा. दारातच उभा, बस म्हटलं तरी बसेना.

“साहेब, माझं नाव काढा तिथून.”

मला खरोखर हसू आलं. नऊ महिने एकच धोशा, नाव टाका, नाव टाका. टाकलं तर काढा!

“इंदूरच्या कंपनीनं नेटवर माझं नाव टाकून पाहिलं, तं तेच पान निघालं. गावात लोक मोबाइलवर दाखवतेत एकमेकाले. मायच्या फोटोसमोर बसवत नही, साहेब. तुमच्या पाया पडतो.”

आणि खरंच वाकला. म्हणजे त्या वेळी केस काढले होते ते आईसाठी असणार. माणूस म्हणून दोन शब्द बोललो. म्हटलं, जन्माला आला तो जाणारच, आईनं समाधानानं डोळे मिटले असतील. तो माझ्या टेबलाकडं पाहत राहिला. तिथं केळीच्या घडाची ही डायरी उघडी होती, ती मी मिटली.

नाव काढणं माझ्या हातात असतं तर काढलं असतं. पण नियम म्हणजे नियम. खणातून परवान्याचा कागद काढला आणि त्याला नीट समजावं म्हणून तिसरी ओळ दोनदा वाचून दाखवली. मूळ निर्मात्याचं नाव कधीही काढता येणार नाही.